पेमेंट वेळेवर हवंय तर ड्यू डेटची वाट बघत बसू नका

माझं पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर लोखंडी पार्ट बनवायचं छोटं युनिट आहे आणि आमच्या लाइनमध्ये ज्याला विचाराल त्याची रड तीच, ऑर्डरी भरपूर पण खात्यात पैसा नाही. बॅलन्स शीटला नफा दिसतो आणि सात तारखेला पगार करायला सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट वापरावी लागते. ईएन-८ स्टीलचा बार उचलायचा तर स्टीलवाला रोख मागतो, फार तर आठवड्याची उधारी, लाईटबिल थांबत नाही, आणि जीएसटी तर तुमचे पैसे आले का हे विचारतच नाही. १ लाखाचं बिल केलं की वर १८ हजार जीएसटी, त्यातून इनपुट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेला जीएसटी, वजा जाऊन जे उरेल ते दर महिन्याचं रिटर्न असेल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचंच, आणि पार्टी पैसे देणार दोन महिन्यांनी. तोवर तो टॅक्स आपल्याच खिशातून गेलेला असतो.

आता माझं स्पष्ट मत. बराचसा उशीर हा समोरच्याची नियत खराब म्हणून होत नाही, बिल मधेच कुठेतरी अडकून पडलेलं असतं म्हणून होतो. मोठ्या कंपनीत माल गेला की गेट एंट्री, मग स्टोअरला मोजणी, मग क्वालिटीवाले बघणार, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद निघणार, आणि त्यानंतर अकाउंट्सला पीओ (त्यांची खरेदीची ऑर्डर), जीआरएन आणि तुमचं बिल तिन्ही जुळलं तरच बिल पास. पीओला रेट ४२.५० आणि बिलावर ४२.७५, झालं, होल्ड. मालाच्या डिलिव्हरी चलनावर ५०० नग आणि जीआरएनला ४९८, होल्ड. आणि हे तुम्हाला फोन करून कोणी सांगत नाही. तुम्ही ४५ दिवस शांत बसता, मग फोन करता, तेव्हा कळतं की बिल सिस्टिमला चढलेलंच नाही आणि मग तिथून पुढे परत नव्याने मोजणी सुरू.

म्हणून माल पोचल्यावर तीन-चार दिवसांत फोन करायचा, पैशासाठी नाही, जीआरएन नंबरसाठी. "मॅडम, सोमवारच्या बिलाचा जीआरएन झाला का, नंबर देता का जरा?" एवढंच. नंबर मिळाला की आपल्या कॉपीवर लिहून ठेवायचा. आपल्याकडे पैसे मागायला खूप संकोच वाटतो लोकांना, "बरं दिसत नाही" म्हणून महिना महिना गप्प बसतात, पण या फोनला संकोच वाटायचं कारणच नाही कारण तुम्ही पैसे मागतच नाही आहात. आणि हा फोन पर्चेसच्या साहेबांना करून उपयोग नाही, अकाउंट्समध्ये जी व्यक्ती बिलं चढवते तिलाच करा, तिच्याशी नीट बोला, दिवाळीला आठवण ठेवा.

तिलाच अजून एक विचारून घ्या, पेमेंट कुठल्या तारखांना सोडतात. बऱ्याच ठिकाणी महिन्यातून दोनदाच पेमेंट निघतात आणि तुमचं बिल कटऑफनंतर एक दिवस उशिरा पोचलं तर गेले पंधरा दिवस. तसंच "४५ दिवस" म्हणजे नक्की कुठून, बिलाच्या तारखेपासून, जीआरएनपासून की महिनाअखेरपासून? महिनाअखेरपासून मोजत असतील तर २ तारखेच्या बिलाला जवळजवळ महिना फुकट जातो. हे पीओ घेतानाच ठरवा आणि बिलावर दिवस लिहू नका, ठळक अक्षरात सरळ तारीख लिहा.

लवकर दिलं तर डिस्काउंट द्यायचा का? द्या, पण हिशोब करून. ४५ ऐवजी १० दिवसांत पैसे आले म्हणजे ३५ दिवस वाचले, त्यासाठी २ टक्के सोडलेत तर वर्षाला साधारण २१ टक्के व्याज पडलं, सीसी त्यापेक्षा स्वस्त आहे. १ टक्का सोडलात तर साडेदहाच्या आसपास पडतं, ते ठीक आहे. मार्जिन बारीक असेल तर तेही नको.

लहान पार्ट्यांचं गणित वेगळं. नवीन पार्टी असेल तर मटेरियलपुरता अॅडव्हान्स, बिलावरच यूपीआयचा क्यूआर, आणि मागचं क्लिअर झाल्यावरच पुढचा लॉट, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. नंतर सांगितलं की भांडण होतं.

आणि उद्यम नंबर, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, बिलावर छापाच छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पण खरा फरक पडला तो २०२३ च्या बजेटमध्ये आलेल्या इन्कम टॅक्सच्या ४३बी(एच) कलमाने. ही मुदत ओलांडून ३१ मार्चला तुमचं बिल बाकी असेल तर कस्टमरला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे फेब्रुवारीतच सगळ्या पार्ट्यांना उद्यम सर्टिफिकेट आणि बाकी बिलांची यादी मेल करून ठेवायची, पुढचं काम त्यांचा सीए करतो. फक्त लक्षात घ्या, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडरला उद्यम असलं तरी हे लागू नाही, उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांनाच आहे.

एवढं करूनही जो देतच नाही त्याच्यासाठी उशिरा पेमेंटच्या तक्रारींचं सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. तिथून केस फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते, वेळ लागतो, आणि त्या पार्टीचं पुढचं काम गेलं असं धरूनच चाला, म्हणून मी चालू कस्टमरसाठी हे सुचवणार नाही. पण काम आधीच बंद झालं असेल आणि रक्कम मोठी असेल तर जरूर टाका, कारण कौन्सिलच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं झालं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते आणि हे त्याच्या वकिलाला चांगलं माहीत असतं.