अंगठा कुठे होता?

अमेरिकेत नेवाडातल्या एल्कोमध्ये मी हँड थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखावलेल्या हातांना व्यायाम देऊन पुन्हा कामाला लावते. माझे बहुतेक पेशंट सोन्याच्या खाणींतले, चिरडलेल्या बोटांचे. मनगट मोडलेले ऐंशी ओलांडलेले आजोबा आले तेव्हा नेहमीचीच केस वाटली. स्प्लिंट काढला तर उजवा अंगठा मुळापासून नाही, आणि वण कधीचाच जुना.

इथे अपंगत्व मोजताना एकट्या अंगठ्याला पंजाचे ४० टक्के देतात. आजोबांनी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात पेन धरून झोकात सही केली. तर्जनीच्या बुडाचा स्नायू एवढा भरलेला मी आजवर पाहिलेला नाही.

विचारलं, तर म्हणाले, "वेढे देताना अंगठा आभाळाकडे ठेवायचा असतो, पोरी. माझा राहिला नाही."

उत्तर नेवाडातले काऊबॉय दोराचं टोक खोगिराला बांधून ठेवत नाहीत. जुने दोर कच्च्या कातड्याच्या वाद्या विणून केलेले, साठ-साठ फुटी. एकदम हिसका बसला तर तुटायचे. म्हणून वासरू फासात आलं की खोगिराच्या खुंटाला झटकन वेढे द्यायचे आणि दोर थोडा घसरू द्यायचा, म्हणजे ताण हळूहळू बसतो. पुढे नायलॉन आलं तरी रीत तीच राहिली. घोडा एकीकडे, जनावर दुसरीकडे, आणि मधल्या वेढ्यात बोट सापडलं तर ते हातावर राहत नाही.

१९४९ च्या जानेवारीत बर्फात अडकलेल्या गुरांसाठी हवाई दलाच्या विमानांनी गवत टाकलं, तेव्हा आजोबा शाळेत होते. चौदाव्या वर्षी ते रँचवर लागले. वसंत आला की सगळी टोळी सामान-स्वयंपाकाच्या वॅगनबरोबर माळावर, कितीतरी आठवडे. पोराचं काम म्हणजे अंधारात घोड्यांचा कळप हाकून आणायचा आणि त्याच्याभोवती दोराचं कुंपण धरून उभं राहायचं. ज्याने ज्या घोड्याचं नाव घेतलं, तो घोडा मुकादम फास टाकून बाहेर काढणार. वासरं डागण्याच्या एका हंगामात, सोळाव्या वर्षी, अंगठा गेला. गवतकापणीला आजोबा पुन्हा कामावर हजर.

ती त्यांची सगळ्यात चांगली वर्षं होती असं ते सांगतात, आणि मला राग येतो. १९३८ च्या कायद्याने कारखान्यांतली बालमजुरी अडवली, शेती आणि रँच मात्र जवळपास मोकळेच सोडले. "मला कुणी जबरदस्ती केली नव्हती," ते म्हणतात. हे मला पटत नाही, पण त्यांचा अभिमान खोटा आहे असंही म्हणवत नाही.

मनगटासाठी डार्ट फेकल्यासारखी तिरकी हालचाल आम्ही लवकर सुरू करतो, कारण तिच्यात मनगटाच्या हाडांची कोपराकडची रांग सगळ्यात कमी हलते. फास टाकतानाही मनगट जवळपास त्याच रेषेत फिरतं. म्हणून व्यायामासाठी हातात मळायची मऊ पुट्टी बाजूला ठेवली आणि त्यांचाच दोर आणायला सांगितला. हालचाल भराभर सुधारत होती, आणि विमा कंपनीने सत्रं थांबवली: या वयाला एवढं पुरे! मी अपील केलं आहे. हात वयावर मोजायचा नसतो, माणूस त्याने काय करतो त्यावर मोजायचा असतो.

आजही इथे शेतीत सोळा वर्षं पुरी झाली की कुठलंही धोक्याचं काम कायद्याने चालतं. खाणीत अठरा लागतात. डागणीच्या दिवसांत त्या वयाची मुलं माझ्याकडे येतात. वेढे देताना अंगठा कुठे होता, हे मी आता पहिल्याच भेटीत विचारते.