लक्ष्मी देवघरात, अंक माझ्याकडे

इंदूरला सराफ्यात रात्री काय काय खाल्लं ते लिहीत नाही. सगळेच लिहितात, आणि मला तर त्या रेटारेटीत शर्टावर सांडलेली रबडीच जास्त आठवते.

मी गेलो होतो जुन्या दिवाळी अंकांसाठी. खरं म्हणजे मुखपृष्ठांसाठी. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’चे काही अंक माझ्याकडे आहेत. आतलं पान एकाचंही वाचलेलं नाही.

खजुरी बाजारात दोन तास धूळ खाल्ली. जिकडेतिकडे गाइडं. शेवटी एक दुकानदार म्हणाला, “भिया, मराठी माल तो घरों में मिलेगा,” आणि त्याने राजवाड्यामागच्या एका आजींकडे धाडलं.

आजींनी आधी पोहे दिले, वर शेव, मग नको म्हणत असताना पुन्हा पोहे. मग पत्र्याची ट्रंक उघडली. पिना गंजलेल्या, कडा कसरीने खाल्लेल्या. एका अंकाच्या अनुक्रमणिकेत ‘मुखपृष्ठ : रघुवीर मुळगावकर’ वाचलं आणि हात थरथरला. पालथा केला, उलटा केला. मुखपृष्ठच नाही!

“ते होय? सासूबाईंनी कापलं,” म्हणत आजींनी देवघराकडे बोट केलं.

फ्रेममध्ये लक्ष्मी. मुळगावकरांचं ते स्प्रेने रंगवणं! गालावर रेघ कुठे शोधून सापडत नाही, रंग नुसता फुंकल्यासारखा. काचेवर नेमका कपाळाच्या जागी कुंकवाचा जाड थर. आणि खाली, फ्रेमच्या कडेत अर्धवट दबलेला ‘किंमत’ हा शब्द.

लाज वाटते, पण मी विचारलं. नवी, मोठी, चांदीच्या मुलाम्याची लक्ष्मी आणून देतो म्हणालो. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“अरे, वाचायचं सगळं आतच आहे की! ते ने तू.”

पैसे घेतले नाहीत. वर चिवड्याचा पुडा दिला.

परतीच्या अवंतिकात वरचा बर्थ, समोर घोरणारे गृहस्थ, झोपेचं नाव नाही. अंक उघडला. दोन कथा वाचल्या. एक भिकार, दुसरी इतकी छान की चिवडा हातातच राहिला. शेवटी राशिभविष्य होतं. कन्या राशीपुढे कुणीतरी पेन्सिलीने फुली मारली होती.

सासूबाईंची रास विचारायची राहिली.