सहाशे युरो आणि क्लेम खात्याची सवय

विमानाच्या उशिराची भरपाई म्हणून विमान कंपनीने आम्हा दोघांना मिळून 1200 युरो दिले ही बातमी आमच्या सोसायटीत माझ्याआधी पोचली. ह्यांनी सकाळच्या फिरण्यात सांगितलं असणार. तेव्हापासून जो तो म्हणतोय, "काकू, भरपाई मागितलीत तो मेल फॉरवर्ड करा ना." मेल फॉरवर्ड करून काही होत नाही, कारण त्यातला प्रत्येक आकडा आमच्या तिकिटाचा आहे. त्यापेक्षा काय घडलं आणि मी काय लिहिलं ते इथे सांगते.

लेक जर्मनीत डार्मश्टाटला असते. तिच्याकडून परत येताना आमचं तिकीट फ्रँकफर्ट ते मुंबई, मध्ये आखातातल्या एका शहरात विमान बदलायचं, असं होतं. शहराचं नाव घेत नाही, घेतलं की कंपनी लगेच ओळखू येईल. फ्रँकफर्टलाच विमान अडीच तास उशिरा सुटलं. येणारं विमान तांत्रिक बिघाडामुळे उशिरा आलं, असं गेटवर माइकवरून सांगितलं. आखातात उतरलो तेव्हा मुंबईचं विमान निघून गेलेलं. ट्रान्सफर डेस्कसमोर ही मोठी रांग, बहुतेक सगळे आपलेच लोक, आणि पुढे एक मुलगी एकटी कीबोर्ड बडवतेय. तिने दुसऱ्या दिवशीच्या विमानाचे बोर्डिंग पास दिले आणि जेवणाची दोन कुपनं. कुपनात एक फलाफलचा रोल आणि पाण्याची बाटली बसत होती. चहा नाही. ह्यांना मधुमेह आहे, म्हणून मी पुन्हा रांगेत शिरून भांडून दही-भात मिळवला. मुंबईत ठरल्या वेळेपेक्षा अकरा तास उशिरा पोचलो.

आता माझी पार्श्वभूमी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मी सरकारी विमा कंपनीत होते, त्यातली बरीच वर्षं क्लेम खात्यात. टेबलापलीकडचा माणूस काय वाचतो आणि काय नुसतं चाळतो हे मला चांगलं ठाऊक आहे. "आम्ही ज्येष्ठ नागरिक, आम्हाला किती मनस्ताप झाला" अशी पानं आम्ही फाइलला लावून पुढे जायचो. वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण मनस्तापाला मंजुरी देण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. नंबर, तारीख, कलम, रक्कम आणि सोबतचे कागद एका नजरेत दिसले की साहेबांच्या सहीला फाइल त्याच दिवशी जायची. तेव्हा पत्र लिहिताना माझ्यासमोर विमान कंपनी नव्हतीच. तिथे बसलेली कोणीतरी माझ्यासारखी बाई होती.

म्हणून त्या ट्रान्सफर डेस्कवर सगळे हॉटेलसाठी आवाज चढवत असताना मी उशिराचा दाखला मागितला. उड्डाण क्रमांक, तारीख, किती उशीर आणि का, एवढं कंपनीच्या कागदावर. मुलीने जरा कुरकुर करून दिला. त्यात 'टेक्निकल' हा शब्द होता. या एका शब्दाने पुढे फार काम केलं.

नियम असा. युरोपीय संघाचा 261/2004 हा भरपाईचा नियम संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला लागू होतो, कंपनी कुठलीही असो. बाहेरून युरोपात येताना मात्र कंपनी युरोपची असावी लागते. म्हणजे हाच घोटाळा आम्ही मुंबईहून जाताना याच कंपनीच्या विमानात झाला असता, तर हा नियम कामाचा नव्हता. मग मॉन्ट्रियल करार, म्हणजे विमान प्रवासातल्या नुकसानीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, धरावा लागतो. भारतात तो 2009 पासून लागू आहे. पण त्यात ठरीव रक्कम नसते, प्रत्यक्ष झालेलं नुकसान पावत्यांनिशी दाखवावं लागतं. युरोपच्या नियमात पावती लागत नाही. शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला की अंतरानुसार माणशी 250, 400 किंवा 600 युरो. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास आणि चार तासांहून जास्त उशीर असला की पूर्ण 600. आपल्याकडे देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत मिळतात. उशिरासाठी ठरीव भरपाई नाही. (याच युरोपीय नियमात अडकलेल्या प्रवाशाला दोन फोन, टेलेक्स किंवा फॅक्स फुकट करू द्यावेत असंही लिहिलंय. टेलेक्स! आमच्या ऑफिसातला टेलेक्स काढून टाकला तेव्हा माझी लेक शाळेतही जात नव्हती.)

हे सगळं चालतं ते दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये, एकाच पीएनआरवर असली तर. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढून जोडली असतील, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही. सोसायटीत तीन घरांतून मला हाच प्रश्न आला आणि तिन्ही घरांत तिकिटं वेगवेगळी होती.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. वर पीएनआर आणि दोघांची पासपोर्टवरची नावं, मग ठरलेली वेळ आणि पोचल्याची वेळ. पोचल्याची वेळ म्हणजे चाकं टेकल्याची नव्हे, विमानाचं दार उघडल्याची, हे युरोपच्या न्यायालयाने 2014 मध्ये ठरवून दिलंय. खाली त्या युरोपीय नियमातलं भरपाईचं कलम 7, रक्कम, बँक खातं. दाखला आणि बोर्डिंग पास सोबत. बस.

आधी आपोआप येणारं उत्तर आलं. मग एका सभ्य मेलमध्ये दिलगिरी आणि पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर. हे म्हणाले, "घेऊन टाक, नाहीतर तेही जाईल." मी कळवलं, कलम 7(3) प्रमाणे प्रवाशाने सही करून होकार दिल्याशिवाय व्हाउचर देता येत नाही आणि माझा होकार नाही. त्यावर खरा नकार आला. आम्ही युरोपीय कंपनी नाही आणि तुमचं विमान युरोपबाहेर चुकलं, असा मुद्दा होता. वाचून मला बरंच वाटलं, कारण कारण दिलं की ते खोडता येतं. नुसतं "खेद आहे" याला काय खोडणार?

युरोपच्या न्यायालयाचा 31 मे 2018 चा वेगेनर निकाल नेमका यावरचा आहे. बर्लिनहून निघालेली प्रवासी, कॅसाब्लांकात विमान बदलायचं होतं, तिथे अडली, कंपनी मोरोक्कोची. न्यायालयाने म्हटलं, एकच बुकिंग असेल तर सगळा प्रवास एकच धरायचा. मी निकालाचा क्रमांक आणि तारीख एका ओळीत लिहिली. शिवाय 'असाधारण परिस्थिती' असली तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही, पण तांत्रिक बिघाड सहसा तिच्यात मोडत नाही, हे 2008 च्या वॉलेन्टिन-हर्मन निकालापासून ठरलेलं आहे, तेही लिहून दाखल्यावर 'टेक्निकल' या शब्दाला पिवळं केलं. वादळ किंवा विमानतळ बंद असं कारण असतं, तर मी पत्रच लिहिलं नसतं.

लेकीचं म्हणणं होतं, "आई, त्या क्लेमवाल्या वेबसाइटला दे ना, कशाला डोकं घालतेस?" त्या वेबसाइटी पाव ते तिसरा हिस्सा कापतात, कोर्टापर्यंत गेलं तर आणखी. ज्याला मेल लिहायचा कंटाळा आहे त्याने जरूर द्यावं. मला नाही.

मंजुरीचा मेल दोन ओळींचा आला. मग पैसे आपल्या बँकेत अडकले. परदेशातून येणाऱ्या रकमेला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड, लागतो आणि काउंटरवरच्या मुलाला 'भरपाई' कुठल्या कोडात बसवायची ते कळेना. "मॅडम, गिफ्ट लिहू का?" मी म्हटलं, "अरे बाळा, विमान कंपनी मला गिफ्ट कशाला देईल?" शेवटी त्याने मोठ्या शाखेत फोन लावून कोड शोधला. शुल्क कापून बाकीची रक्कम जमा झाली.

पुढच्या रांगेतल्या जागांसाठी आम्ही वेगळे पैसे भरले होते आणि बदललेल्या विमानात आम्हाला मागे, एकमेकांपासून लांब बसवलं. ते पैसे भरपाईत येत नाहीत, त्यांचा परतावा वेगळा. ते पत्र मी मुद्दाम स्वतंत्र पाठवलं होतं, कारण एका अर्जात दोन मागण्या आल्या की फाइल दोन टेबलांमध्ये फिरत बसते. त्यावर अजून फक्त आपोआप येणारं उत्तर आलंय. सोमवारी स्मरणपत्र पाठवणार आहे.