मध्यम श्रेणीची वाट

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानात पायी सहली नेण्याचे काम मी अकरा वर्षे करतो आहे, आणि मॅलम गावाभोवतीची साधारण 8 किलोमीटरची वाट आता मला पाठ झाली आहे. आमच्या माहितीपत्रकात तिच्यापुढे ‘मध्यम’ असे छापलेले असते. ही श्रेणी कार्यालयात बसून अंतर आणि चढ या दोनच आकड्यांवरून ठरवली जाते. पावलाखाली माती आहे, गवत आहे की खडक, हे विचारात घेतले जात नाही. याबद्दल मी अनेकदा बोललो आहे आणि प्रत्येक वेळी मला हसून मान डोलावलेली पाहायला मिळाली आहे.

मे महिन्यातल्या त्या दिवशी माझ्याबरोबर अकरा जण होते. बहुतेक जण मुलांकडे राहायला आलेले मराठी आई-वडील होते. रानलसणाच्या वासाने भरलेल्या झाडीतून आम्ही जॅनेट्स फॉसपाशी गेलो. पाण्यातला चुना साठून तयार झालेल्या पडद्यावरून हा लहानसा धबधबा पडतो आणि त्याच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत असत. मध्ययुगात या गावाची जमीन बोल्टन आणि फाउंटन्स या दोन मठांकडे होती आणि त्यांचा पैसा लोकरीतून येई, हे सांगितले की पुढच्या दगडी कुंपणांकडे लोक निराळ्या नजरेने पाहतात. गॉर्डेल स्कारची घळ आम्ही खालूनच पाहिली, कारण धबधब्याच्या अंगाने वर चढणे ‘मध्यम’ या शब्दात कसेही बसत नाही.

दुपारी झिमझिम सुरू झाली, तेव्हा आम्ही मॅलम कोव्हच्या माथ्यावर होतो. सुमारे 80 मीटर उंचीच्या या अर्धवर्तुळाकार कड्यावर चुनखडकाची नैसर्गिक फरसबंदी आहे. हिमयुगातल्या बर्फाने वरचा थर खरवडून नेला आणि खडकाच्या सांध्यांत मुरणाऱ्या किंचित आम्लधर्मी पाण्याने भेगा रुंदावल्या. फरशांना इथे क्लिंट म्हणतात आणि भेगांना ग्राइक. काही भेगा गुडघ्याएवढ्या खोल आहेत, तर काही कमरेच्याही वर जातात, आणि त्यांच्या सावलीत नेचे वाढतात. असंख्य बुटांनी घासून गुळगुळीत झालेल्या या फरशा ओल्या झाल्या की साबणासारख्या होतात. गॉर्डेलकडून आले की पश्चिमेच्या पायऱ्या गाठण्यासाठी ही फरसबंदी ओलांडावीच लागते.

तिच्या काठावर थांबून मी नेहमीची गोष्ट सांगितली. मॅलम टार्न या तळ्यातून निघालेला ओढा काही अंतरावर जमिनीत गडप होतो आणि या कड्याच्या पायथ्याशी एक ओढा बाहेर पडतो, त्यामुळे दोन्ही एकच असणार असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात टार्नचे पाणी मुख्यतः गावाच्याही दक्षिणेला, एअर हेडच्या झऱ्यांतून वर येते. लोकांना ही गोष्ट आवडते आणि मलाही ती सांगायला आवडते.

फरसबंदीच्या मध्यावर एक काकू खाली बसल्या. वय साठीच्या पुढे, रोज पाच किलोमीटर चालण्याची सवय, सकाळपासून सगळ्यांच्या पुढे असलेल्या. “पुढची फरशी कुठे सुरू होते तेच कळत नाही रे,” असे त्या म्हणाल्या आणि मी ते भीतीचे बोलणे समजलो. भेदरलेल्या माणसाला जसे सांभाळतात तसे मी त्यांना सांभाळू लागलो: समोर उभा राहिलो, हात दिला, “मान ताठ ठेवा, माझ्याकडे बघा,” असे सांगत राहिलो. गटातल्या एका गृहस्थांनी, न विचारताच, खाली न पाहण्याचा सल्ला दिला. अशी माणसे प्रत्येक गटात एक तरी असतातच. मागे वळून डांबरी रस्त्याने गावात उतरण्याचा पर्यायही होता, पण उरलेल्या दहा जणांना ओल्या खडकावर एकटे सोडणे मला शक्य नव्हते. अकरा जणांमागे एक वाटाड्या, हे गणितही कार्यालयातलेच.

अर्धा तास असा गेल्यावर काकूंनी पावसाने भिजलेला चष्मा पुसायला काढला आणि सहज खाली पाहिले. “अरे, आता दिसतेय की भेग,” त्या म्हणाल्या. इकडे यायच्या आधीच त्यांनी प्रोग्रेसिव्ह भिंगांचा नवा चष्मा केला होता. या चष्म्यात खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यामुळे नजर नुसती खाली टाकली की पावलापुढची जमीन धूसर दिसते. ती नीट पाहायची तर हनुवटी छातीकडे झुकवून वरच्या भागातून पाहावे लागते. मी मात्र त्यांना तेवढा वेळ मान ताठ ठेवायला सांगत होतो. त्यांचा दूरचा नंबर किरकोळ होता. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, उरलेली फरसबंदी ओलांडली आणि खालच्या सुमारे 400 पायऱ्याही माझ्या हाताशिवाय उतरल्या. गावात पोहोचल्यावर “मी घाबरले नव्हते,” एवढेच त्यांनी मला सांगितले आणि तेही जरा तुटकपणे.

आमच्या आरोग्यपत्रकात हृदय, दमा, गुडघे, औषधे हे सगळे विचारलेले असते. चष्म्याचा रकाना नाही. तो घालावा असे मी कार्यालयाला कळवले, तेव्हा पत्रक आधीच लांबले आहे असे उत्तर आले. पुढच्या सहलीपासून मी वाहनतळावरच तोंडी विचारू लागलो आणि पहिल्याच दिवशी नऊपैकी चौघांनी हात वर केले.

त्या रात्री मी माझे जुने अहवाल काढून पाहिले. याच फरसबंदीवर अडकलेल्या तिघांच्या नावांपुढे मी माझ्याच अक्षरात ‘उंचीची भीती’ असे लिहिलेले सापडले. त्या तिघांपैकी चष्मा कोणाला होता, हे मला आठवत नाही.