पेसमेकरवाल्या आबांचा ईसीजी

आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला फिटनेस हवा होता. रक्त, साखर, डोळ्याची मापं, सगळं भराभर झालं. अडलं ते ईसीजीवर, आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सेंटरमध्ये काउंटरवरच पेसमेकरचं कार्ड दाखवलं. ‘राहू दे, लागत नाही,’ म्हणाले. पट्टी निघाली, वर मशीननं छापलं होतं ‘लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक’, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश नेणाऱ्या वाटेत अडथळा. पेसमेकरचा उल्लेखच नाही! फिजिशियननी बघितलं आणि परत दिलं. ठोक्याआधीची उभी बारीक रेघ, म्हणजे स्पाइक, कुठंच नाही. पेसमेकर चालतोय असं कशावरून लिहायचं? परत सेंटरला गेलो, तर ‘मशीननं दिलंय ओ, आम्ही काय करणार? नवीन काढायचा तर परत पैसे भरा.’ ८१ वर्षांचे आबा बाकड्यावर बसून. मी तिथं आवाज चढवला आणि तो चढवायलाच हवा होता.

कारण नंतर कळलं. पेसमेकरचा झटका जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा. स्नायूंची थरथर पुसायला लावलेला ४० हर्ट्झचा फिल्टर तोही पुसून टाकतो. बायपोलर, म्हणजे दोन्ही टोकं हृदयातच असलेली वायर असेल तर रेघ मुळातच इवलीशी. आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यातून दिलेला ठोका पट्टीवर रुंद, त्या ब्लॉकसारखाच दिसतो. स्पाइक दिसला नाही की मशीन त्यालाच आजार म्हणून मोकळं.

शाहूपुरीतल्या दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी आधी कार्डच मागितलं. पेसमेकरचं सेटिंग चालू केलं, फिल्टर १५० वर नेला. ‘आबा, आता हलायचं नाही हं,’ म्हणत अंगावर शाल टाकली, कारण फिल्टर सैल केला की थंडीची थरथरही उमटते. लीड टू, म्हणजे ईसीजीच्या बारा नोंदींपैकी एक, तिची लांब पट्टी काढली. प्रत्येक रुंद ठोक्याआधी रेघ! मला हायसं वाटलं.

हो, कार्डावर मिनिटाला किमान ६० ठोके असतील आणि पेशंटचे स्वतःचे ७५ पडत असतील, तर रेघा न दिसणं बिघाड नाही. पेसमेकर गप्प बसून लक्ष ठेवतो. फॉर्मवर ‘पेसमेकर आहे’ असं स्वतः मोठ्या अक्षरात लिहा. सेटिंग करता येतं का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

फिटनेस त्याच संध्याकाळी मिळाला. नवी पट्टी झेरॉक्स करून फाईलला लावलीय, कारण थर्मल कागद पुसट होतो आणि आबांचा दुसरा डोळा अजून व्हायचाय.