‘३+’ हा शिक्का काय सांगतो आणि काय सांगत नाही

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ऊन असे तापते की दुपारी मुलांना ओट्यावरही बसू देता येत नाही, आणि मामाच्या गावी जमलेल्या भाचरांच्या हाती घरातल्या कोणाचा तरी मोबाइल जातोच. अशा वेळी प्ले स्टोअरवर एखाद्या गेमखाली ‘३+’, म्हणजे तीन वर्षांपासून पुढच्या मुलांना चालेल असा शिक्का, दिसले की पालक निर्धास्त होतात; तो आकडा कोण ठरवतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

हिंसक व्हिडिओ गेमवरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९९३ साली सुनावण्या झाल्या, तेव्हा सरकारी बंधन टाळण्यासाठी तेथील गेम उद्योगानेच १९९४ मध्ये गेमना वयोगट ठरवून देणारी ईएसआरबी ही संस्था उभी केली. युरोपात २००३ मध्ये पेगी ही तशीच व्यवस्था आली. आपल्याकडे चित्रपटांप्रमाणे गेम आधी तपासून प्रमाणपत्र देणारे मंडळ नाही. भारतात प्ले स्टोअरवर दिसणारे मानांकन आयएआरसी या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून येते. त्यासाठी गेम बनवणाराच प्रश्नावली भरतो. रक्तपात किती, शिवीगाळ आहे का, जुगार आहे का, या उत्तरांवरून वयोगट आपोआप ठरतो. म्हणजे परीक्षार्थीनेच आधी आपली उत्तरपत्रिका तपासायची. फेरतपासणी होते ती नंतर, तक्रार आल्यास किंवा मानांकन संस्थांच्या देखरेखीत चूक दिसल्यास.

त्याहून महत्त्वाची बाब त्या आकड्याजवळच बारीक अक्षरांत असते. खेळाडू एकमेकांशी संवाद साधू शकतात किंवा गेममध्ये खरेदी करता येते, अशा सूचना तेथे असतात, पण त्यांमुळे वयोगट सहसा वाढत नाही. सोंगट्यांच्या निरुपद्रवी खेळातही अनोळखी माणूस मुलाशी बोलू शकतो आणि पटावरच्या एका बटणामागे वडिलांचे यूपीआय उभे असते. माझ्या मते आकड्याआधी या दोन ओळी वाचायला हव्यात.

शिवाय आपल्या घरांत मुलाचा फोन वेगळा नसतोच. खाते वडिलांचे, बहुधा दुकानदाराने उघडून दिलेले. त्यामुळे १८+ गेमही विनातक्रार उतरतो. यावर साधा उपाय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये आहे. ‘कुटुंब’ या भागातील पालक नियंत्रणे सुरू करून पिन ठेवावा, वयोमर्यादा निवडावी आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची करावी. पिन अर्थातच भाचरांना पाठ असलेला नसावा. हे बंधन पुढच्या डाउनलोडपुरतेच लागू होते. आधीपासून फोनमध्ये असलेले गेम एकेक उघडून पाहावे लागतात आणि नको ते हातानेच काढावे लागतात.