मालाच्या वेळापत्रकावर: हॅम्बुर्ग ते पोर्ट क्लांग

कंटेनर जहाजावरून प्रवास केला असे सांगितले की हनुमान टेकडीवरच्या आमच्या सकाळच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण आपल्यासारख्यांना घेतात का?" कोविडच्या आधीपर्यंत अनेक कंपन्या घेत असत. किती जणांना घ्यायचे, हे मात्र कंपनीच्या मर्जीपेक्षा कायद्यावर अवलंबून असते. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज 'प्रवासी जहाज' ठरते, आणि तसे ठरले की त्याच्या बांधणीपासून जीवरक्षक नौकांपर्यंतचे सगळे निकष बदलतात. बॉक्स वाहून पैसे मिळवणाऱ्या मालकाला ही उठाठेव परवडणारी नसते, त्यामुळे प्रवाशांची संख्या बाराच्या आतच ठेवली जाते. आमच्या जहाजावर तर मी आणि एक निवृत्त जर्मन दांपत्य असे तिघेच होतो.

जहाजावर डॉक्टर नसतो. शंभराहून कमी माणसे असलेल्या जहाजावर डॉक्टर ठेवण्याचे बंधन नाही. औषधांचे कपाट एका अधिकाऱ्याच्या ताब्यात असते आणि गंभीर प्रसंगी किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला रेडिओ किंवा उपग्रह फोनवरून घेतला जातो. म्हणून कंपन्या वयाची मर्यादा घालतात, तंदुरुस्तीचा दाखला मागतात आणि एक वेगळाच विमा घ्यायला लावतात. तुमच्या आजारपणामुळे जहाजाला मार्ग सोडून जवळच्या बंदराकडे वळावे लागले, तर त्या वळणाचा खर्च या विम्यातून भागवला जातो. आयुष्यभर विम्याचे हप्ते भरूनही आपल्यामुळे एवढे मोठे जहाज वळू शकते, ही कल्पना मला कधी शिवली नव्हती. भाडे त्या काळी दिवसाला साधारण शंभर युरोच्या आसपास होते, त्यात राहणे आणि तिन्ही वेळचे जेवण धरलेले असे. विमानापेक्षा हे स्वस्त पडते का, असे मला अनेकांनी विचारले आहे. पडत नाही, आणि त्या हेतूने कोणी जाऊही नये.

माझ्या जाण्याचे कारण भोसरीतले होते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या निर्यात विभागात माझी नोकरी झाली. फॅक्टरी स्टफिंग, सील नंबर, कट-ऑफ, बिल ऑफ लेडिंग या शब्दांत दिवस जात. ट्रेलर फाटकाबाहेर पडून द्रुतगती मार्गाने न्हावा शेवाकडे निघाला की आमच्या दृष्टीने माल 'गेला'. नंतर तो थेट ग्राहकाच्या तक्रारीतच भेटायचा. मधला सगळा समुद्र आमच्यासाठी कागदावरच होता. तो एकदा पाहावा, असे निवृत्तीनंतर ठरवले आणि 2019च्या शरद ऋतूत हॅम्बुर्गला, मलेशियातल्या पोर्ट क्लांगला जाणाऱ्या जहाजाची शिडी चढलो.

जहाजाची लांबी सुमारे 366 मीटर होती आणि वीस फुटी मापाने त्यावर चौदा हजारांच्या आसपास कंटेनर मावत. या आकड्यांचा अर्थ लगेच ध्यानात येत नाही. मला तो बे प्लॅन, म्हणजे कंटेनरांच्या मांडणीचा नकाशा, पाहताना कळला. प्रत्येक कंटेनरच्या जागेला सहा अंकी पत्ता असतो. 340382 म्हणजे चौतिसावा बे (जहाजाच्या लांबीवरचा आडवा कप्पा), तिसरी रांग, आणि डेकवरचा सर्वांत खालचा थर. बे सम असेल तर कंटेनर चाळीस फुटी, विषम असेल तर वीस फुटी; रांग विषम असेल तर जहाजाच्या उजव्या अंगाला, सम असेल तर डाव्या अंगाला. डेकवरच्या थरांची मोजणी 82पासून सुरू होते, डेकखालची 02पासून. पत्ता सापडत नाही म्हणून तीनदा फोन करायला लावणाऱ्या पुण्यात इतकी वर्षे राहिलेल्या माणसाला या पद्धतीचे कौतुक वाटणे साहजिक आहे.

चीफ ऑफिसरने एकदा भारमांडणीचा संगणक दाखवला, तेव्हा आमच्या विभागातल्या एका जुन्या वादाची आठवण झाली. 1 जुलै 2016पासून प्रत्येक निर्यात कंटेनरचे प्रमाणित एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, देणे 'सोलास'खाली सक्तीचे झाले. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत त्या वेळी, आणखी एक फॉर्म वाढला, अशीच प्रतिक्रिया होती. येथे त्या एकेका आकड्यावरून जहाजाचा तोल ठरताना दिसत होता. जड बॉक्स वर गेला तर रचनेचा भार चुकतो आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. उलट सगळे वजन तळाशी गेले, तर जहाज इतक्या झटक्याने सरळ होते की वरच्या थरांना बांधणाऱ्या लोखंडी सळ्यांवर ताण येतो. म्हणजे 'स्थिर' जहाज नेहमीच सुखाचे असते असे नाही. कंटेनर एकमेकांना कोपऱ्यांतल्या ट्विस्टलॉकने जोडलेले असतात आणि खालचे थर लॅशिंग रॉडने आवळलेले असतात. बिस्केच्या उपसागरात जहाज डोलू लागले, तेव्हा या सगळ्या लोखंडातून रात्रभर करकर ऐकू येत होती. बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, आणि त्याचे खलाशी दिवसा फिरून या सळ्या ताणून धरणारे सैल झालेले टर्नबकल आवळत होते.

प्रवाशाचे स्थान लग्नघरी आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखे असते: जेवायला वेळेवर बोलावतात, विचारपूसही होते, पण काम कोणी सांगत नाही आणि बसून बोलायला कोणाला सवड नसते. माझी आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायची. त्या बोटी मुख्यतः माणसांसाठी होत्या आणि माल सोबत जायचा. येथे तो क्रम उलटा होता आणि जहाजावरच्या प्रत्येक गोष्टीत तो जाणवत होता. बंदरात किती तास थांबायचे हे क्रेन ठरवणार. कधी निघायचे हे भरती, बंदरातून वाट दाखवणारा पायलट आणि धक्क्यावरची पुढची पाळी ठरवणार. रॉटरडॅमला आम्ही मास्व्लाक्टे भागात लागलो. समुद्रात भर घालून तयार केलेले ते टर्मिनल शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर दूर आहे, आणि तेथे चालकाविना धावणारी वाहने कंटेनर नेत-आणत होती. प्रवाशाला तेथे पायी फिरण्याची मुभा नाही. भडक रंगाचे जाकीट आणि हेल्मेट घालून टर्मिनलच्या गाडीची वाट पाहायची, फाटकावर ओळखपत्र दाखवायचे आणि मग पुढची सोय पाहायची. 'बंदरे पाहायला मिळतील' या आशेने या प्रवासाला जाणाऱ्याची निराशा होते, हे मी ठामपणे सांगतो.

थर्ड ऑफिसर साताऱ्याचा निघाला. त्याचे शिक्षण तळेगावजवळच्या तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूटमध्ये झाले होते. समुद्र घाटाखाली असूनही पुण्याच्या आसपास, तळेगावला आणि लोणी काळभोरला, जहाजांवरची मुले तयार होतात, याचे मला पूर्वीपासून आश्चर्य वाटत आले आहे. त्याची पहाऱ्याची वेळ सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा. त्या वेळेत ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या उंचावरच्या खोलीत, जायला मला परवानगी होती. अट एवढीच, की तो काम करत असताना बोलायचे नाही. "समुद्रात वेळ जात नाही, काका, आणि बंदरात झोप मिळत नाही," असे तो म्हणाला होता. बंदरात चढ-उतार चोवीस तास चालते, अधिकाऱ्यांच्या पाळ्या त्याभोवती बदलतात आणि खलाशाला जगाची सफर घडते असे आपण समजतो, तेव्हा तो बहुधा डेकवर शीतकंटेनरांचे तापमान तपासत उभा असतो.

ब्रिजवरून समुद्र फार दूरवर दिसतो, पण जवळचा दिसत नाही. डेकवर रचलेल्या कंटेनरांमुळे नाकापुढचा काही भाग झाकला जातो, आणि नियमानुसार हा झाकलेला पट्टा जहाजाच्या दोन लांब्या किंवा 500 मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून मोठा असता कामा नये. म्हणजे जवळपास अर्धा किलोमीटर पाणी न दिसणे कायद्याला मान्य आहे. अरबी समुद्रात रात्री एखाद-दुसरा दिवा लावून बसलेल्या मच्छीमार होड्यांच्या जवळून जाताना ही गोष्ट आठवली की बरे वाटत नाही.

इंजिन रूम पाहायला चीफ इंजिनीअरने एका सकाळी नेले. कानात बोळे घालून, तापलेल्या लोखंडी जिन्यांवरून कितीतरी मजले खाली उतरावे लागले. सिलिंडरचा व्यास 98 सेंटिमीटर, पिस्टनचा फेरा अडीच मीटरहून अधिक, आणि फेऱ्यांचा वेग मिनिटाला शंभराच्याही खाली. मधे गिअरबॉक्स नाही, क्रँकशाफ्ट सरळ पंख्याला जोडलेला. जहाज मागे घ्यायचे तर इंजिन थांबवून उलट्या दिशेने सुरू करायचे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी ग्राहकाशी भांडलेल्या माझ्यासारख्याला सिलिंडरच्या आत माणूस उतरून तपासणी करतो हे ऐकून काही क्षण बोलता आले नाही. आमचा वेग अठरा नॉट, म्हणजे ताशी तेहतीस किलोमीटरच्या आसपास होता. हे जहाज याहून पुष्कळ जोरात जाऊ शकत होते. 2008च्या मंदीनंतर इंधन वाचवण्यासाठी जहाजे मुद्दाम हळू चालवण्याची जी पद्धत पडली, ती कायम राहिली आहे.

सुएझ कालव्यासाठी पोर्ट सैदबाहेर नांगर टाकून थांबावे लागले. दक्षिणेकडे जाणारा काफिला पहाटेच्या अंधारात निघतो. कालवा 193 किलोमीटर लांब आहे, आणि दोन्ही समुद्रांच्या पातळीत फारसा फरक नसल्याने त्यावर कोठेही लॉक, म्हणजे जहाज वर-खाली करणारे पाण्याचे दरवाजे, नाहीत. डाव्या हाताला सिनाईचे वाळवंट आणि उजव्या हाताला नाईलच्या पाण्यावर वाढलेली हिरवी शेते, असे दोन वेगळे देश असावेत इतके वेगळे काठ दिवसभर सोबत होते. आम्ही तेथून गेलो त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, मार्च 2021मध्ये, 400 मीटर लांबीचे 'एव्हर गिव्हन' याच कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक थांबली. त्यावरचे सगळे कर्मचारी भारतीय होते. बातमी पाहताना मला आठवत होते ते तेथले अंतर: आमच्या ब्रिजच्या कडेवरून दोन्ही काठांवरचे पहारेकरी सहज दिसत होते.

तांबड्या समुद्रात उष्णता, आणि एडनच्या आखातात बंदोबस्त. कठड्यांना काटेरी तारा बांधल्या, पाण्याचे होज जोडून ठेवले, रात्री डेकवरचे दिवे मालवले आणि केबिनच्या खिडक्या झाकायला सांगितले. चाच्यांनी चढाई केलीच तर सगळ्यांनी जिथे जमायचे ती बंदिस्त खोली आम्हा प्रवाशांनाही दाखवण्यात आली. मला भीती वाटली असे म्हणता येणार नाही. कर्मचारी हे सगळे कंटाळलेल्या शिस्तीने करत होते.

जेवणाबद्दल विचारतात म्हणून सांगतो. कुक फिलिपिन्सचा होता आणि शाकाहार म्हणजे मासे चालतात अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. भात, अंडी, कोबी आणि पाव रोज मिळे, त्यावर बरोबर नेलेले मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. पूर्वेकडे जाताना दर काही दिवसांनी घड्याळ एक तास पुढे करण्याची सूचना फळ्यावर लागत असे, आणि तो तास प्रत्येक वेळी झोपेतूनच जायचा.

मिनिकॉय आणि मालदीवच्या मधून, मग श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधल्या खाडीतून आम्ही मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरलो. इलेक्ट्रॉनिक नकाशावर इंदिरा पॉइंट दिसत होता, डोळ्यांना दिसला नाही. पोर्ट क्लांगला एजंटाने पासपोर्टवर शिक्का मारून आणला आणि थर्ड ऑफिसर शिडीपर्यंत सोडायला आला. त्याला आणखी काही महिने उतरायचे नव्हते.

पुढे कोविड आला तेव्हा प्रवाशांचा दरवाजा सर्वांत आधी बंद झाला, आणि कर्मचाऱ्यांचे हाल त्याहून वाईट झाले: 2020च्या अखेरीस, करार संपूनही घरी जाता न आलेल्या खलाशांची संख्या चार लाखांच्या घरात होती. आमचा साताऱ्याचा मुलगा त्यांतलाच एक. त्या काळात त्याचे संदेश दोन-तीन शब्दांचे असत. दुकानात वस्तू मिळत राहिल्या त्या अशा माणसांमुळे, आणि त्यांच्यासाठी पुण्यात कोणी थाळी वाजवल्याचे मी ऐकले नाही.

आता जायचे म्हणणाऱ्यांसाठी थोडे. पूर्वी प्रवासी नेणाऱ्या अनेक कंपन्यांनी कोविडमध्ये ही सोय थांबवली, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नये, थेट चौकशी करावी. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून युरोप-आशिया मार्गावरची बहुतेक मोठी कंटेनर जहाजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडून वळसा घालू लागली, तेव्हा मार्ग कोणता आहे हेही विचारून घ्यावे. व्हिसा जहाज जेथे जेथे लागेल त्या सगळ्या देशांचा पाहावा, कारण भारतीय पासपोर्टवर ऐनवेळी काही होत नाही. परतीचे विमान तारीख बदलता येईल असेच घ्यावे. आमचे जहाज ठरल्यापेक्षा उशिरा पोचले आणि त्याबद्दल कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही, करण्याचे कारणही नव्हते. घरात लग्नकार्य असेल त्या वर्षी जाऊ नये. आणि पकड घट्ट असलेले बूट घ्यावेत, कारण डेकवर तेल, मीठ आणि दव यांचा थर कायम असतो.